बोर्डावरचा पांढरा बाण

३ मार्च २००८, सोमवार

धूर निघाला! जाळ नाही, नुसता धूर.

ओरखडा पडलेलं एक मदरबोर्ड लियाओ मालकांनी मला फुकट दिलं होतं. आमच्याच कारखान्याचं. वसतिगृहात संगणकाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, चारी स्क्रू नीट आवळले. चार दिवस छान चाललं. आज जेवणाच्या सुट्टीत खोलीवर आलो तर जळका वास, आणि डाव्या कोपऱ्यातून धूर.

उलटं करून पाहिलं. कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकाला अगदी खेटून बारा व्होल्टची तांब्याची जाड पट्टी नेलीय. वर हिरव्या रंगाचा पातळ थर, बस. स्क्रू आवळला की डब्याचा खालचा पितळी खांब त्या थरावर दाबून बसतो. तापतं, निवतं, थर खरवडला जातो — आणि वीज थेट पत्र्यात.

आम्ही बोर्ड तपासतो ते फोमच्या गादीवर ठेवून. स्क्रू कोणी लावतच नाही. म्हणून सगळी पास. पासचा शिक्का मीच मारतो.

४ मार्च

गेंग मास्तरांना जळकं बोर्ड दाखवलं. आमच्या बोर्डांचे नकाशे तेच काढतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, म्हणाले, "अरे चष्मिस, पट्टी कुठून नेऊ मग? तुझ्या डोक्यावरून?"

"पण आग लागेल, मास्तर."

"प्लास्टिकचा वॉशर लावायचा."

"लोकांना कोण सांगणार?"

"तू सांग ना! एवढा शिकलेला माणूस."

सगळे हसले. मी आठवीतून शाळा सोडली, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

६ मार्च

ताईचा फोन. रखवालदाराच्या केबिनमध्ये घ्यावा लागतो, मागे रांग असते. ताई गावी लेइयांगला इंटरनेट कॅफे काढतेय — शाळेच्या समोर! चाळीस जागा, मध्ये प्लायवूडच्या भिंती, वर लाल पडदे. खुशीत होती. "तुमच्याकडची बोर्डं दे की रे घरच्या भावात."

"आमची नको, ताई."

"का रे? तुमच्या मालकाला मी एवढी परकी?"

रांगेत मालकांचा पुतण्या उभा होता. "दुसऱ्या कोणाचीही घे. आमची नको." एवढंच बोललो.

९ मार्च, रविवार

ठरवलं. सांगून कोणी ऐकत नाही, हसवलं तर ऐकतील.

संगणकवाल्यांच्या नेटवरच्या एका चर्चास्थळावर लोक भिकार बोर्डांची टर उडवतात. मी 'जळका वास' हे नाव घेतलं. मजकूर चारदा शुद्ध करून टाकला:

"मंडळी, नवं बोर्ड आलंय! बॅटरी ग्राफिक कार्डाच्या खाली — बदलायची तर आधी निम्मा संसार बाहेर काढा. मेमरीची खिटी कार्ड काढल्याशिवाय उघडत नाही, कार्ड मेमरी काढल्याशिवाय निघत नाही. दोघांनी हात धरलेत, लग्न लावून द्या. पंख्यासाठी तीन जागा, पैकी एकीला तारच नाही. आणि चिप गार ठेवायचा तो चकाकणारा ॲल्युमिनियमचा मुकुट — उचकटून पाहिला तर खाली चिपच नाही! राजा नाही, नुसता मुकुट. कोपऱ्यातलं भोक मात्र शोभेचं नाही. तिथे स्क्रू लावाल तर बोर्ड सिगरेट ओढायला लागेल."

सोबत चित्र हवंच. दुसरं एक चांगलं बोर्ड मिळवलं. पांढऱ्या खोडपेनाने, पट्टी आणि बाटलीचं झाकण धरून, त्या भोकाभोवती गोल काढला आणि त्याच्याकडे जाणारा बाण. अगदी छापल्यासारखा. मग झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही बाजू अगदी स्पष्ट स्कॅन केल्या आणि मजकुराखाली टाकल्या.

परत येताना वाटलं, दुकानदार माझ्याकडे जास्तच बघत होता.

१२ मार्च

लोक वेडे झालेत! "राजा नाही, नुसता मुकुट" हे जो तो लिहितोय. एकाने म्हटलंय, "मेमरी आणि कार्डाच्या लग्नाला यायचं की नाही?"

हसू येतं आणि लगेच दाराकडे बघतो.

१९ मार्च

मालकांनी आज ते जेवणघरात मोठ्याने वाचलं. सगळं. "मुकुट" आला तसं पाठीमागे कोणीतरी फुस्सकन हसलं. मालक थांबले. मग पुढे वाचलं.

शेवटी म्हणाले, "हा आपल्यातलाच आहे. बाहेरचा माणूस तो मुकुट उचकटणार नाही. नाव सांगेल त्याला बक्षिसाचं लाल पाकीट, आणि जाड. त्या माणसाला मात्र या गल्लीत कोणी काम देणार नाही, ते मी बघतो."

कोणीतरी म्हणालं, "गेंग मास्तर असतील."

"गेंग? त्याच्या अंगी एवढी अक्कल असती तर बोर्ड नीट काढलं नसतं का?"

सगळे हसले. मीही हसलो. जरा उशिराच हसलो. कोणी पाहिलं का?

२० मार्च

खोडपेन गटारात टाकला.

२८ मार्च

पट्टी सरकली! नव्या मालात पट्टी लांबून नेलीय, भोकाभोवती बोटभर मोकळी जागा. मालक मान्य करत नाहीत. म्हणे, "गिऱ्हाइकाची सोय."

मी स्क्रू लावून पाहिलं. नंतर पुन्हा पाहिलं. धूर नाही. माझ्या एका थट्टेने हे झालं! कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

४ एप्रिल

पितरांचा दिवस. गावी गेलो नाही. बाबांच्या थडग्यावरचं गवत ताईने काढलं, कागदी नोटा जाळल्या. फोनवर म्हणाली, "बाबांना सांगितलं, बोर्डं मिळाली. तुमचा शूबिन म्हणाला तशी, त्याच्या कारखान्याची नाहीत." कोणाची ते मी विचारलं नाही. मागे रांग होती.

२७ एप्रिल, रविवार

लिहायला बसवत नाही. तरी लिहितो.

सुटे भाग आणायला ह्वाछ्यांगपेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो होतो. ओळखीच्या ओउयांग काकूंच्या गाळ्यावर नवी निळी बोर्डं रचलेली, सोनेरी स्टिकर. सहज एक उचललं. बॅटरी कार्डाखाली. मुकुट, खाली चिप नाही. आमचंच बोर्ड, निळ्या कपड्यात. त्यात नवल नाही, इथे सगळेच सगळ्यांचं उचलतात. डाव्या कोपऱ्यात पाहिलं.

पट्टी जुन्याच जागी, भोकाला खेटून. आणि भोकाभोवती पांढरा गोल. त्याच्याकडे जाणारा पांढरा बाण.

माझा बाण! आमच्या बोर्डावर तो कधीच नव्हता. बाणाचं शेपूट जरा जाड आहे, तिथे माझा पेन अडला होता. तेही तसंच छापलंय.

काकूंना विचारलं, हा बाण कशाचा?

"अरे, ते बोर्ड फार गाजत होतं ना! गाजतं म्हणजे खपतं. आमच्या पोरांनी एक विकत आणून सोललं, आतल्या पट्ट्या उचलल्या. वरची छपाई सोलताना गेली, तर कोणीतरी नेटवर इतकं सुंदर चित्र टाकलं होतं, ती त्यावरून घेतली. जे दिसलं ते घेतलं."

"काकू, बाण कशाचा आहे ते त्यांना माहीत होतं?"

"स्क्रू इथे घट्ट आवळा म्हणून असेल. चांगलंय की! गिऱ्हाईक खूश आहे. तोंड का असं झालंय तुझं? जेवलास का?"

मी सगळं सांगितलं — बाण माझा आहे, एवढं सोडून. काकू ऐकत होत्या, मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून म्हणाल्या, "बाळा, हे जोरात बोलू नकोस. माल केव्हाच गेला. सगळ्या गावांना गेला."

२८ एप्रिल

चर्चास्थळावर लिहायचं: निळं बोर्ड घेतलं असेल तर बाण आहे तिथला स्क्रू काढा. एवढी एकच ओळ. पण 'जळका वास' पुन्हा बोलला की मालक शोध घेणार. आज पुतण्या विचारत होता, "चष्मिस, रविवारी बाजारात गेला होतास ना?" त्याला कोणी सांगितलं?

२९ एप्रिल

ओळ शुद्ध लिहून ठेवलीय. टाकली नाही.

३० एप्रिल

टाकली नाही. उद्या मे दिनाची सुट्टी, सगळे गावी जातील, वसतिगृह रिकामं होईल. उद्या टाकतो.

१ मे

ओळ टाकायला वसतिगृहातला संगणक सुरू केला तर ताईचा निरोप, सोबत फोटो. पहाटेच आलेला. उघडलेला डबा हातात धरून ताई हसतेय, मागे लाल पडदे. डब्यात निळं बोर्ड.

"आजच उद्घाटन! तू म्हणालास तशी दुसऱ्यांची घेतली. किती नीट माणसं बघ, स्क्रू कुठे आवळायचा तेही बाण काढून दाखवलंय. मी स्वतः चाळीसही घट्ट आवळले. शाळेला सुट्टी, पोरं दारात उभी आहेत."

सकाळपासून फोन लावतोय. उचलत नाही. पोरांच्या गोंगाटात ऐकू येत नसेल.