थंड खोलीची खंडेनवमी

२२ सप्टें., सोम. घटस्थापना

सकाळी आईने घट बसवले. मी नुसती हाताशी. मग अंबरपेठेच्या भाजीबाजारात. आमच्या ऑफिसने भाजीवाल्यांसाठी उभारलेल्या थंड खोलीत (यापुढे थं.खो., दर वेळी पूर्ण लिहायचा कंटाळा) आजही निम्मे खण रिकामे. छपरावर सोलर, आत गारवा मोजणारा डबा, प्रत्येक क्रेटवर क्यूआर, सगळं कसं झकपक. आणि बायका उरलेला पालक गाईंपुढे टाकून घरी जातात.

यादम्माची आंबाडीची बंडी, म्हणजे हातगाडी, बाजारात सगळ्यात मोठी. ती आत आली तर बाकीच्या येतील. आज तिला पुन्हा विचारलं. म्हणाली, "फ्रिज का माल बासी बोलते मॅडम, गिराक नै लेता." आणि वर हसली.

दुपारी साहेबांचा फोन. दिवाळीनंतर बघू, खोली भरत नसेल तर उचलून गोदामाला देऊन टाकू. म्हणजे शहराबाहेरच्या बड्या दुकानवाल्यांच्या गोदामाला. त्यांच्याकडे आधीच चार थंड खोल्या असतील. मी म्हटलं, भरेल. कशी, ते विचारलं नाही हे बरं झालं.

२४ सप्टें., बुध.

बायकांच्या फोनवर थं.खो.चे निरोप सांगणारा आवाज बदलायचा हट्ट आज पुरा केला. कोणतं क्रेट आधी काढायचं, सकाळी कुठल्या हॉस्टेलच्या मेसला किती पालक हवा, हे सगळं फोन बोलून सांगतो. पण कुणा बातम्या देणारीच्या आवाजात! बायका ऐकायच्या आणि फोन पदरात गुंडाळायच्या.

तेलुगूसाठी यादम्मा बोलली, लाजत लाजत. दखनीसाठी, म्हणजे इथल्या उर्दूसाठी, रशीदा आपा. कोथमीर-पुदिन्याची त्यांची टोपली बाजाराच्या पार टोकाला, आवाज इकडे बाजाराच्या कमानीपर्यंत येतो. थं.खो. तापायला लागली की तीन फोनवर धोक्याची घंटा जाते: माझा, यादम्माचा, साहेबांचा. ज्याने ऐकली त्याने 'बघते'चं बटण दाबायचं, म्हणजे बाकीच्यांना कळतं कोण निघालं ते. वीज गेली तर बॅटरीचा खटका हातानेच फिरवावा लागतो, म्हणून माणूस हवंच. तर त्या घंटेसाठी आपांना म्हटलं, काहीतरी जोरात बोला. त्यांनी दम घेतला आणि: "अरे उठो रे! भाजी मर री, तुम लोगां सो रै क्या?"

पोट धरधरून हसलो. तेच ठेवलं.

२७ सप्टें., शनि.

बतुकम्माचे, इथल्या फुलांच्या सणाचे दिवस. बाजारभर तंगेडूची पिवळी फुलं, झेंडू, गुनुगू. यादम्मा आली, मान खाली. मंगळवारी शेवटची बतुकम्मा, तोपर्यंत फुलं टिकतील का आत, विचारलं. नियमाप्रमाणे थं.खो.त फक्त खाण्याचा माल. ओठांवर आलेला नियम गिळला आणि म्हटलं, आण.

संध्याकाळी फुलांच्या पाठोपाठ तिचं आंबाडीचं एक क्रेट आत आलं. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

३० सप्टें., मंगळ. सद्दुला बतुकम्मा

फुलं आज काढली, जशीच्या तशी. आंबाडी काल सकाळीच एका हॉस्टेलला गेली, ताजी म्हणून. बातमी बंडीबंडीवर फिरली. आज एकही खण रिकामा नाही! आपासुद्धा कोथमिरीची क्रेटं घेऊन आल्या, म्हणाल्या, "यादम्मा का देख के लाई मैं, तुम्हारा देख के नै." चालेल, कुणाचंही बघून या.

साहेबांना फोटो पाठवला. फक्त अंगठा आला. दिवाळीनंतर काय म्हणतात ते बघते.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

आईने पाटावर विळी, सुरी, कात्री, तिचं शिवणाचं मशीन, वडिलांचं जुनं फाउंटन पेन. मग माझा लॅपटॉप आणि फोन. मी म्हटलं फोन नको. "एक दिवस हात लावू नकोस त्याला, काय आभाळ कोसळतंय?" सुलतान बाजारच्या मराठी शाळेत तीस वर्षं मुलांना गप्प बसवलेली बाई. मी काय बोलणार.

खरं सांगायचं तर आवडलं. फोनचा आवाज बंद, वर हळद-कुंकू, झेंडू, बाजूला निरांजन. दिवसभर कुणी हाक मारली नाही. दुपारी झोपले!

२ ऑक्टो., गुरु. दसरा

सकाळी फोन पाटावरून उचलला. घंटा. घंटा. घंटा. काल सकाळपासूनच्या. पडद्यावर खाली खाली सरकवत गेले तरी संपेनात.

तशीच रिक्षा करून गेले. थं.खो.च्या दाराला झेंडूचं तोरण, बाजूच्या गारव्याच्या मशीनला हळदीचे पट्टे, कुंकू, नारळ. आणि मशीन बंद. यादम्माने काल पूजा करून बंद केलं होतं. बंडीवरचा तराजू, सुरी, घरचा टेबलफॅन, सगळ्यांना आयुधपूजेची सुट्टी, तशी यालाही. "रोज काम करता ना मॅडम, एक दिन आराम." तिचाही फोन देवापुढे, गप्प करून. साहेब गावी, फोनचा आवाज बंद करून.

दार उघडलं तर वाफ आली अंगावर. पालक काळा, आंबाडी चिकट. कोथमिरीचा तर नुसता लगदा.

आपा माझ्याआधीच आल्या होत्या. ओरडल्या नाहीत, हेच वाईट. "मेरी कोथमीर का क्या कसूर था मॅडम? उनो तो पूजा नै करती." क्रेटं रस्त्यावर उपडी केली आणि गेल्या.

यादम्मा जम्मीची, म्हणजे शमीची पानं घेऊन त्यांच्या मागे गेली, सोनं द्यायला. आपांनी घेतली, मुठीत धरली.

आज रडले. लिहून ठेवते.

३ ऑक्टो., शुक्र.

थं.खो. धुतली. यादम्मा आणि मी, दोघीच. ती घासता घासता एकदा म्हणाली, "ना तप्पे." माझीच चूक. मी म्हटलं, माझाही फोन पाटावर होता गं. वास काही जात नाही.

साहेब: "सिस्टिम फेल झाली."
मी: सिस्टिम दिवसभर बोंबलत होती. ऐकणारे नव्हते.
साहेब: "तेच ते."

तेच ते नाही! राग आला. पण फोन ठेवल्यावर पटायला लागलं की ज्या घंटेला ऐकणारं कुणी नाही ती घंटा नव्हे, नुसता आवाज. हे माझं काम होतं. गोदामवाले लोक आठवडा-दहा दिवसांत खोली बघायला येणार असं साहेब जाता जाता म्हणाले.

सकाळचा निरोप मात्र अजून आपांच्याच आवाजात येतो: "पालक आज निकालो, कल नै चलता." बाई थं.खो. सोडून गेली, आवाज बाजारात फिरतोय. बदलू का? नाही बदलणार.

५ ऑक्टो., रवि.

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "चुलीची पण पूजा करतो ना आपण? मग विझवतो का तिला? तिच्यावरच पुरण शिजतं."

हे मला का सुचलं नाही. आईला तसं म्हटलं तर म्हणते, "तुझा फोन मीच ठेवला पाटावर, तेव्हा मलाही नव्हतं सुचलं."

दुपारी यादम्माच्या घरी जाऊन चुलीचं सांगितलं. तिने एकदा गॅसकडे बघितलं. मग ठरलं: यापुढे पूजा चालू मशीनची. हार दाराला. खटक्याला हात नाही.

६ ऑक्टो., सोम.

सकाळी डोक्यात लख्ख. नवमीला अख्ख्या बाजारात चालू फोन कुणाचा होता? आपांचा. सुट्टी नाही, पूजा नाही, दिवसभर टोपलीपाशी, फोन मांडीवर. आणि घंटा त्यांना जातच नव्हती. त्यांचा आवाज घेतला, नंबर घेतला नाही. जबाबदार म्हणून मी कुणाला निवडलं? स्वतःला, सगळ्यात मोठ्या बंडीवालीला आणि साहेबांना. सणाच्या दिवशी तिघंही एकाच पाटावर.

गेले त्यांच्याकडे. पुदिन्यावर पाणी मारत होत्या. मी बोलत राहिले, त्या पाणी मारत राहिल्या. म्हटलं, दसऱ्या-दिवाळीला घंटा तुमच्याकडे, ईदेला यादम्माकडे. मशीनचं दार, खटका, सगळं दाखवते.

मग आपा: "नंबर लिखो. माल मेरा नक्को."

मी म्हटलं, माल नसेल तर कशाला त्रास घेता?

"रिज्क सडते देखना नै होता मेरेकु, बस." आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

अन्नाला रिज्क म्हणतात त्या. देवाने वाढलेलं. मला दिवसभर तो शब्द पुरला.

८ ऑक्टो., बुध.

ऑफिसात. आमच्या प्रोग्रॅमवाल्याला सांगितलं, घंटेच्या यादीला सणांचं कॅलेंडर जोड. ज्या दिवशी ज्यांचा सण, त्या दिवशी घंटा आधी दुसऱ्यांना. साहेब हसले, "सॉफ्टवेअरमध्ये पंचांग घालणार?" म्हटलं हो, पंचांग घालणार, ईद घालणार, नाताळ घालणार, आणि क्रिकेटची फायनलसुद्धा. तेव्हा हसायचे थांबले. "करा," म्हणाले. पण गोदामाचं कायम आहे: दिवाळी झाली की निर्णय.

खटका कसा फिरवायचा ते आपांना दाखवलं. दोनदा स्वतः फिरवून बघितला.

१४ ऑक्टो., मंगळ.

हळूहळू येताहेत. यादम्माने सगळ्यात आधी स्वतःचा माल आणला आणि दारात उभी राहून एकेकीला ओढते, अगदी लग्नाच्या पंगतीला बसवल्यासारखी. अर्धी थं.खो. भरली. हॉस्टेलच्या मेसवाल्यांनी पुन्हा मागण्या सुरू केल्या. गाईंची मात्र पंचाईत.

आपांची अख्खी ओळ अजून बाहेर. लिंबूवाल्या, पुदिनावाल्या, सगळ्या त्यांच्याकडे बघतात. त्यांच्याशिवाय थं.खो. भरणार नाही, मला दिसतंय, साहेबांनाही दिसेल.

गोदामवाले येऊन गेले. एकाने टेप लावून दार मोजलं. यादम्मा त्याला म्हणाली, नापो, नापो, जाता नै ये. त्याला काही कळलं नाही, मला बरं वाटलं.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी

आपांशी रोज एक वाक्य. आज: कोथमीर कशी आहे? "अच्छी है. मेरे पास है ना." टोमणा घेतला. उद्या पुन्हा जाणार. थकवून सोडेन, पण माल मागणार.

यादम्मा म्हणते घाई नको. मला घाई आहे. मंगळवार गेला की बुधवारी ऑफिसात निर्णय.

२० ऑक्टो., सोम.

इथली, तेलुगू लोकांची, दिवाळी आज. आपल्या मराठी पंचांगात लक्ष्मीपूजन उद्या, त्यामुळे आईचे दोन्ही दिवस. बाजार दुपारीच उठला. थं.खो.पाशी यादम्माने चालू मशीनसमोर दिवा लावला, हार दाराला. माल आत बराच, दिवाळीनंतरच्या पहिल्या सकाळच्या मागण्यांचा.

संध्याकाळी पूजेला बसलो. आईने पाट मांडला, माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, म्हणाली, "तो खिशातच ठेव." इतकं हसू आलं.

आरती अर्ध्यात आणि खिशातून ओरड: "अरे उठो रे! भाजी मर री, तुम लोगां सो रै क्या?" फटाक्यांच्या गडबडीत बाजाराची वीज गेली होती. कॅलेंडरने घंटा आधी आपांना दिली असणार, माझ्याकडे आली म्हणजे त्यांनी उचलली नाही. आई म्हणाली, जा. चपला घालत होते, तेवढ्यात पडद्यावर आलं: बघते. नंबर आपांचा.

तरी निघाले. रस्ताभर धूर, रिक्षा मिळेना, चालतच. पोचले तर मशीन बॅटरीवर सुरू, आपा दारातल्या पायरीवर बसलेल्या, बुरख्याला धुराचा वास, मांडीवर फोन. घरातून थेट. इतक्या फटाक्यांतून.

"पहले बजा तो सुना नै, पटाखे. फिर बजा तो... मेरीच आवाज मेरेकु गालियाँ दे री थी मॅडम. क्या करती, उठ के आई."

मी आत जाऊन बघितलं. पालक, आंबाडी, सगळं गार. यादम्माची क्रेटं, इतरांची क्रेटं. त्यांची एकही जुडी आत नव्हती.

बाहेर येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. यादम्माला फोन लावून त्यांच्या हातात दिला. दोघी बराच वेळ बोलल्या, अर्धं तेलुगू, अर्धं दखनी, मध्ये एकदा दोघी हसल्या. आपांनी फोन परत दिला.

मी विचारलं, उद्या कोथमीर आत?

"देखते."

वीज येईपर्यंत बसलो दोघी. परवा ऑफिस.