व्यंकटीशी खेळण्याचे सोपे मार्ग

१८ एप्रिल १९८३, सोमवार

कालच्या नोंदीत चूक आहे, ती दुरुस्त करते. व्यंकटीने मला पळीने मारलं असं लिहिलं होतं. पळी नव्हती, उलथनं होतं. शिवाय 'मारलं' हा शब्दही बरोबर नाही. त्याने उलथनं वरून खाली आणलं आणि मधे माझी भुवई होती. एक वर्षाच्या मुलावर खोटा आळ नको.

खेळ माझाच होता. ट्रेनिंगच्या पुस्तिकेत पहिला खेळ तोच आहे: पदराआड तोंड लपवावे, मग हसत बाहेर यावे, बाळास आनंद होतो. झाला ना आनंद. मी बाहेर येईपर्यंत तो उलथनं उगारून वाट बघत बसला होता. या वयात एवढी एकाग्रता क्वचित दिसते.

भुवईला हळद लावली आहे.

१९ एप्रिल

नव्या जिल्ह्याचे साहेब पुढच्या महिन्यात तपासणीला येणार आहेत. त्यांनी विचारलं तर अडखळू नये म्हणून सगळं लिहून पाठ करते.

काम रोजगार हमीचं. चाकूरच्या अलीकडे रस्त्यासाठी खडी फोडणे. मजूर बायांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर: बाभळीखाली चार बल्ल्या, वर ताडपत्री. सेविका मी, मॅट्रिक, दहा दिवसांचं ट्रेनिंग, टेम्पररी. पाळणाघर चांगलं चाललेलं दिसलं तर साहेब ते पुढे चालू ठेवणार, नाही तर बंद. मुलं: एक. गुरम्माचा व्यंकटी.

बाकीच्या बाया मुलांना झोळीत घालून दगडांच्या शेजारीच ठेवतात. पाळणाघराची माहिती त्यांच्यापर्यंत नीट पोचली नसावी. उद्या परत सांगते. हे घरी बोलले तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हाइती पोचली गं. तिच्या आधी आपली जात पोचली." आईचा स्वभाव पहिल्यापासून कडवट. बहात्तरच्या दुष्काळात तिने स्वतः खडी फोडून मला शाळेत ठेवलं, त्याचा परिणाम असेल.

खेळण्यांची पेटी मंजूर आहे. पण ती जुन्या जिल्ह्याच्या नावाने निघाली आणि मधेच जिल्ह्याचे दोन झाले. ती कोणत्या जिल्ह्याची ते ठरेपर्यंत घरातल्या वस्तू वापरा, असं मुकादम धोंडप्पा म्हणाले. पुस्तिकेतही घरातल्या साध्या वस्तूच सांगितल्या आहेत. सगळं नियमाने चाललं आहे.

२२ एप्रिल

आज अवयव. बाळाचं नाक कुठे, ताईचं नाक कुठे. व्यंकटीने माझं नाक पहिल्याच झटक्यात ओळखलं. चमकी नंतर खडीत शोधली, मिळाली नाही. रक्त लवकर थांबलं.

गुरम्मा हातोडा टाकून धावत आली आणि तिने पोराच्या पाठीत धपाटा घातला. मी तिला समजावलं की मुलांवर हात उचलू नये. मी आयुष्यात कधी कुणावर उचलणार नाही. हात उचलणं म्हणजे मोठ्यांनी आपली हार कबूल करणं. पाच-सहा वाक्यं चांगली जमून आली होती. ती म्हणाली, "ते समदं खरं हाय बाई. आधी नाकाचं रगत पुसा, लेकरू भिऊन राहिलं." तो भीत नव्हता, हसत होता. पण मी वाद घातला नाही.

तिचं एक मला आवडतं. व्यंकटीचं पाणी ती वेगळ्या तांब्यात झाकून ठेवते आणि दर वेळी कामावरून उठून स्वतः येऊन पाजते. आईची माया.

२५ एप्रिल

दुपारी व्यंकटीने माझा तांब्या ओढून घेतला. मी सोडवायला गेले तर मनगटाला चावला. मग बसून सगळं पाणी प्यायला, अंगावर सांडत, डोळे मिटून.

आता हे गुरम्माला सांगायचं की नाही? वेगळा तांब्या ती का ठेवते ते मला कळतं. कालपर्यंत कळत नव्हतं असं नाही. न सांगणं म्हणजे खोटेपणा. सांगितलं तर पोर जाणार, पोराबरोबर पाळणाघर जाणार. जेवण गेलं नाही. सुट्टी झाल्यावर सांगितलं.

तिने आधी मागे वळून बघितलं. "कुनी बघितलं का?"

मी म्हणाले, नाही.

"लई पिला का?"

मी म्हणाले, पूर्ण तांब्या.

"बरं झालं," ती म्हणाली आणि त्याला काखेत मारून निघाली. थोडं जाऊन वळली. "उद्या जरा मोठा तांब्या आना बाई."

२९ एप्रिल

टँकर आला. दोन दिवसांनी आला, त्यामुळे वातावरण थोडं तापलेलं होतं. पाइप कुणाच्या हातात यावरून सुरुवात झाली आणि घागरीवर घागर बसायला लागली. एका बाईचा दात पडला. एकीच्या कानातलं कानासकट ओढलं गेलं. गुरम्माने एकीच्या डोक्यात कळशी घातली आणि तिच्याच पदराने तिचं डोकंही बांधलं, कारण ती तिची चुलत जाऊ आहे. "व्हय गं, लई लागलं का?" "न्हाई न्हाई, तू भर तुझं आधी." टँकरच्या ड्रायव्हरने दार आतून लावून घेतलं होतं.

मी व्यंकटीला कडेवर घेऊन लांब उभी होते. आणि काय सांगू! त्याने टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी, आवाज काढून. पुस्तिकेतला पाचवा खेळ, मी दहा दिवस करून घेत होते. मेहनत वाया जात नाही.

३ मे

डब्यात डबा हा खेळ आज बंद केला. मोठा डबा धोंडप्पांच्या कानाला लागला. ते म्हणाले, "बाई, ह्याला पोलिसात भरती करा, लाठी द्यायची बी गरज पडनार न्हाई." मी सांगितलं की वस्तू फेकणं हा वाढीचा टप्पा आहे. ते कान धरून म्हणाले, टप्पा कळला.

निश्चय: उद्यापासून कुठलीही टणक वस्तू नाही. फक्त चिंध्यांचा चेंडू.

४ मे

चिंध्यांचा चेंडू त्याने माठात बुडवला आणि मग फेकला. ओला चेंडू तोंडावर बसला की पहिल्यांदा थंड वाटतं.

७ मे

आज मी थकले होते, एवढंच. त्याने माझी वेणी दोन्ही मुठींत धरली आणि दुसऱ्या बाजूने पायाने ढकलत होता. माझा हात वर गेला. फक्त वर गेला. खाली आला तेव्हा मी त्याच हाताने माशी हाकलली.

गुरम्माने ते बघितलं. मी म्हणाले, याचा माझ्यावर राग का आहे? मी एवढं करते. ती हसत सुटली. म्हणाली, "राग कशाचा बाई? पोटात होता तवापून हेच ठक-ठक ऐकून राहिला. त्याला वाटतंय मानसं हेच करत असत्यात. तो मारून न्हाई राहिला तुमाला. काम करून राहिला."

घरी येताना वाटेत उजेड पडला. हा खेळ पुस्तिकेत नाही. मातीची ढेकळं आणि लाकडी ठोकळा! त्याला जे करायचं आहे तेच करू द्यायचं, फक्त माझ्या अंगापासून लांब. माझा स्वतःचा शोध आहे. साहेबांना सांगताना 'माझा' म्हणू नये, 'आमचा प्रयोग' म्हणावं.

१० मे

यश. व्यंकटी सकाळपासून ढेकळं फोडतो. बोट चावलं नाही, केस ओढले नाहीत. मधूनच फोडलेली माती मुठीने उचलून मला दाखवतो, मी मान डोलावते, तो परत फोडतो. आज झोपताना त्याने माझा पदर धरला. ओढला नाही. धरला.

१२ मे, गुरुवार

बाजार, काम बंद. साहेब मंगळवारी, १७ तारखेला येतात.

आणखी पाच मुलं पाळणाघरात येणार! बायांना शेवटी पटलं. आई म्हणाली, पटलं कशाचं, पोरं नाही आणली तर हजेरी लावणार नाही असा धोंडप्पाने दम दिलाय. पटण्याची कारणं वेगवेगळी असू शकतात.

१७ मे, मंगळवार, संध्याकाळ

क्रमाने लिहिते, म्हणजे माझी बाजू स्पष्ट राहील.

सकाळी व्यंकटीने धोंडप्पांचा शाईचा पॅड पळवला, पगाराच्या दिवशी बाया अंगठे उठवतात तो. थोडा खाल्ला. मी तोंड पुसलं. अंगठ्याची निळी शाई निघाली नाही.

साडेदहाला जीप. साहेब, आणि एक पेपरवाला, गळ्यात कॅमेरा. पाचही मुलं आली होती. त्यांच्या आयांनी त्यांना माझ्यापासून जरा लांब, एका ओळीत बसवलं होतं. मी प्रत्येकापुढे ढेकळांचा ढीग मांडला, हातात ठोकळा दिला, ऊन लागू नये म्हणून डोक्याला फडकं बांधलं. व्यंकटीने सुरुवात केली, बाकीच्यांनी त्याचं बघून केली. सहा मुलं, एक ओळ, पुढे ढीग. त्यांच्या मागे थोड्या अंतरावर त्यांच्या आया, तशीच ओळ, तसेच ढीग, तशीच फडकी. मला भरून आलं.

साहेबांनी आधी पोरांची ओळ बघितली, मग आयांची, मग परत पोरांची. मला ते कौतुक वाटलं. मी पुढे होऊन सांगितलं, सर, हा व्यंकटी, वय एक वर्ष एक महिना. सकाळी बसतो तो बसतोच, जेवायलाही उठत नाही. आधी फार त्रास द्यायचा, याला लावल्यापासून एकदम शांत आहे. साहेबांनी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? ऐन वेळी 'आमचा प्रयोग' विसरले. मी म्हणाले, माझ्या, सर. मागून धोंडप्पा हाताने खुणा करत होते. मला वाटलं, मोठ्याने बोल म्हणतात. मी मोठ्याने बोलले.

साहेबांनी वाकून व्यंकटीचा निळा अंगठा उचलून बघितला. मग धोंडप्पांकडे बघितलं. धोंडप्पा म्हणाले, "साहेब, आईची शप्पत, ह्याला पगार न्हाई." तेवढ्यात व्यंकटीने ठोकळा साहेबांच्या चपलेतल्या अंगठ्यावर आणला. साहेब एका पायावर जीपपर्यंत गेले. ते बघून दुसऱ्या पोराने शेजारच्याला ठोकलं, शेजारच्याने पलीकडच्याला, आणि सहा पोरं एका सुरात रडायला लागली. आया हातोड्यांसकट धावत आल्या. पेपरवाला जीपच्या टपावर चढून फोटो काढत होता.

एकंदर भेट ठीक झाली. साहेब माणूस कमी बोलणारा.

२० मे

पेपरमध्ये फोटो आला. मधोमध व्यंकटी, ठोकळा वर उचललेला. खाली छापलंय: 'दूध सुटण्याआधी हातोडा हाती.' फोटो स्पष्ट आहे. माझा अर्धा चेहरा आलाय, हसरा.

धोंडप्पांची चौकशी लागली. पाळणाघर तात्काळ बंद. ऑर्डरवर नव्या जिल्ह्याचा शिक्का ठसठशीत उमटलाय. माझ्याकडे खुलासा मागितलाय, तो पाच पानी लिहून पाठवला आहे, साहेबांचा गैरसमज नक्की दूर होईल.

खेळण्यांची पेटीही आजच आली. पाळणाघर नसलेल्या जागी ती उतरवून घेता येत नाही, म्हणून तशीच परत गेली. फटीतून एक लाल चाक दिसलं.

२४ मे

सहज कामावर जाऊन आले. सहज नाही, व्यंकटीला बघायला.

गुरम्माने लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला बांधून दुसरं टोक बाभळीच्या बुंध्याला बांधलं होतं. ढेकळं नव्हती. तो दगडाने दगड फोडत होता. मी हाक मारेपर्यंत कपची उडाली आणि त्याच्या डोळ्याखाली घुसली. रक्त माझ्या नाकाच्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त. तो ओरडलासुद्धा नाही आधी, नुसता माझ्याकडे बघत राहिला. डोळा वाचला. बोटभर वर असती तर गेला होता.

गुरम्माने मला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "मी काय करू सांगा. हात चालवू का पोर धरू?"

धोंडप्पा आले आणि माझ्यावर ओरडले की तुमच्यामुळे माझी भाकरी चालली, पोरांची नावं घेऊ नका, चालत्या व्हा. मी शांतपणे निघाले. ते पाठमोरे झाल्यावर माझ्या हातून एक ढेकूळ सुटलं आणि त्यांच्या पाठीवर फुटलं. मी मारलं नाही, सुटलं. दुसरंही सुटलं.

२६ मे

आज पौर्णिमा. विहारात बसले होते, पण मन लागलं नाही.

संध्याकाळी गुरम्माकडे गेले. म्हणाले, पोराला दिवसभर माझ्या घरी ठेव. तिने उंबऱ्यातून बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तुमच्या घरी सोडलं कळलं तर सासरा मला घरात घेत न्हाई बाई. तिथं कामावर कोन कुनाचं बघतंय? तिथं तुमी असत्याव तर गोष्ट येगळी होती."

कामावर मला जाता येत नाही. तिथे एक मुकादम असतो आणि बाकी मजूर.

२८ मे, शनिवार

खुलाशाला उत्तर नाही. येईल. तोपर्यंतची तात्पुरती व्यवस्था ठरवली आहे.

रोजगार हमीत मागेल त्याला काम द्यावं लागतं. ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं. आज धोंडप्पांकडे जाऊन काम मागितलं. ते पाठ चोळत दोन पावलं मागे सरकले. नाही म्हणता येत नाही, कायदा आहे. म्हणाले, मॅट्रिकची बाई खडी फोडनार? मी म्हणाले, काही दिवस, निरीक्षणासाठी. जागा गुरम्माच्या शेजारी मागितली. मधल्या जागेत व्यंकटी, त्याच्यापुढे ढेकळं, एक नजर तिची, एक माझी.

आईला सांगायला दोन तास लागले. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने माळ्यावरून स्वतःचा हातोडा काढला, दांडा पाण्यात भिजत घातला आणि म्हणाली, "मी फोडली म्हनून तू शिकलीस. आता शिकून तू फोड." मग तोंड फिरवून चुलीत फुंकत बसली. चूल पेटलेली नव्हती.

परसात दगडावर सराव केला. तीन वेळा दगड, बाकीच्या वेळी अंगठा. नख काळं झालंय. संध्याकाळी वाटेत ते बघून गुरम्माने एक अट घातली: पहिला आठवडा पोरापासून चार हात लांब बसायचं. "त्याचा नेम कळतो बाई आता," ती म्हणाली, "तुमचा कुठं जाईल सांगता येत न्हाई."

सोमवारी, ३० मे, सकाळी सात वाजता कामावर हजर व्हायचं.