वरचं बटण

३ जानेवारी

ती. मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. चित्रपट संस्थेच्या ग्रंथालयातली नोकरी टिकून आहे, म्हणजे आज सकाळपर्यंत तरी होती.

आता मुख्य गोष्ट. दादाचा सातवा सिनेमा सापडला! निर्मात्यांच्या भांडणात डब्यात अडकून पडला आणि तो सुटायच्या आत दादाच गेला, तो. आमच्या लोकांनी तो धुऊन-पुसून चालता केलाय. पुढच्या महिन्यात दादाला जाऊन दहा वर्षं होतील, त्या दिवशी इथे दाखवणार आहेत. मामी, त्याची आई म्हणून संस्थेला तू पहिल्या रांगेत हवी आहेस.

इथली मुलं दादाला किती मानतात ते तुला खरं वाटणार नाही. तो प्रत्येक सिनेमात मरायच्या आधी शर्टाचं वरचं बटण लावतो ना, त्यावर आमच्या सरांनी अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यांच्या मते ती मृत्यूची चाहूल. राजाच्या सिनेमात अंगरख्याला बटणच नव्हतं, तरी दादाने गळ्यापाशी चिमूट फिरवली. तिथे सरांनी नऊ पानं खर्च केलीत. प्रकरणाचं नाव ‘अदृश्य फास’. अभिनय शिकणारी मुलं आता कँटीनमध्ये चहाचा शेवटचा घोट घेतानाही वरचं बटण लावतात.

त्या दिवशीचं पत्रक मला लिहायचंय. सर म्हणतात, चाहूल असं लिही. मला तर खरं कारण माहीत. तू परवानगी दिलीस तर खरं लिहीन, नाही दिलीस तर गप्प बसेन. पण खोटं लिहायला घेतलं की मी नुसती पेन्सिलीला टोक करत बसते. लवकर कळव.

लोभ आहेच, त्यातला थोडा उलट टपाली पाठवावा.

तुमची,
खारूताई


९ जानेवारी

चि. खारूताई हिस अनेक आशीर्वाद.

मी सांगतेय आणि मामा लिहितायत. जन्मभर पाट्या रंगवलेला माणूस, एकेक अक्षर दुकानाच्या कपाळावर चढवायचं असल्यासारखं काढतो. पत्राला उशीर झाला तर दोष त्यांचा. (वाचता येतंय ना? मग झालं. – मामा)

तुझ्या सरांनी पुस्तक लिहिण्याआधी मला विचारलं असतं तर चहा निवायच्या आत सांगितलं असतं. सिनेमाच्या आधी तो नाटकात मेला होता. तेव्हा मी असा हंबरडा फोडला की प्रेताने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. घरी येऊन म्हणाला, आई, माझ्या या तोंडाला सगळे मरणच देतात, त्याला मी काय करू? पण यापुढे आधी खूण करीन, तू उठून बाहेर जा. लहानपणापासून मी त्याच्या मागे, वरचं बटण लाव, वरचं बटण लाव. त्याने मेल्याने एकदा लावलं असेल तर शपथ. म्हणाला, मी शहाण्यासारखं बटण लावलं की समज, माझं आता काही खरं नाही.

मग बाहेरच्या बाकावर आपण दोघी शेंगदाणे खायचो, आठवतं? सहा सिनेमे झाले, एकाचाही शेवट मी पाहिला नाही.

तेव्हा खुशाल खरं लिही, त्यात लाज कसली. पण मी यायची नाही. खरोखर गेला तेव्हा कुठे बटण लावलं त्याने? झोपला तो उठलाच नाही, आणि मी शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलेली. आता सातव्यात तो मरतो का, ते आधी विचार. मरत असेल तर खूण केलीय का, तेही विचार. घरात कॉलेजची पायरी चढलेली तू पहिली. एवढं तरी शोधून काढ.

(मी येणार आहे. – मामा) एकटे कसे जाल म्हणते मी, चष्मा कुठे ठेवलाय ते मला विचारावं लागतं. लिहा, हेही लिहा.

जेवत जा. काळजी कर, पण जेवून कर.

तुझी मामी


२० जानेवारी

ती. मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

मामी, मी सगळीकडे विचारलं. सरांनी सिनेमा पाहिलेला नाही, आणि कलाकृतीचा शेवट आधी विचारणं हे पाप आहे, असं त्यांनी मला सर्वांदेखत सांगितलं. रीळ साफ करणारा म्हणाला, ओरखडा न् ओरखडा पाहिला, गोष्टीकडे लक्ष नव्हतं. दिग्दर्शक हयात नाहीत. शेवटी म्हाताऱ्या कॅमेरामनकडे गेले. त्यांना दादा शिडीवरून पडल्याचं पक्कं आठवतं. फक्त तो सिनेमात पडला की चहाच्या सुट्टीत, ते आठवत नाही. या माहितीने मला तीन रात्री झोप नाही.

पत्रकात मी खरं लिहिलं होतं. सरांनी त्यावर लाल रेघ ओढली. आईच्या सोयीसाठी कला होत नसते, म्हणाले. वर लिहिलं की सातही सिनेमांत ही चाहूल दिसते. मी भीत भीत म्हटलं, सर, सातवा अजून कुणी पाहिला नाही. त्यावर म्हणाले, तत्त्व कळलं की सिनेमा पाहावा लागत नाही. पत्रक तसंच छापून आलं. छापायच्या आधी मी माझं नाव तेवढं खालून काढून घेतलं. या धाडसाचे परिणाम काय होतील कोण जाणे. रोज टेबलाचा खण आवरूनच घरी जाते.

तो मरत नाही असं मी तुला सांगू शकत नाही, मामी, कारण मला माहीत नाही. पण दाराजवळची खुर्ची ठेवीन. मी दाराशी टॉर्च घेऊन उभी राहीन. त्याचा हात गळ्याकडे गेला की दार उघडीन. बाहेर बाकही आहे, बघून आले. शेंगदाणे आणते.

रागावलात तरी लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुमची,
खारूताई


२७ जानेवारी

चि. खारूताई हिस अनेक आशीर्वाद.

शिडीचं वाचल्यापासून मामा स्वतःच शिडीवर चढेनात. दवाखान्याची पाटी अर्धी राहिलीय, लोक नुसतं ‘दवा’ वाचून औषध मागायला येतात.

तुझ्यासारखी घाबरट पोर सरांपुढे बोलली आणि आता दाराशी उभी राहते म्हणते, मग मी घरात बसून तोंड कसं दाखवू? येते. पहिली रांग नको. चपला पायातून काढणार नाही, पिशवी मांडीवर राहील. शेंगदाणे भाजलेले आण.

(चष्मा सापडला. – मामा)

तुझी मामी


१६ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बस सुटायची घाई, तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही.

तू दाराशी होतीस, तुला माझी पाठ तेवढी दिसली असेल. पहिल्याच दृश्यात तो ब्रश घेऊन आला, तेव्हा मामांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. बाप पाट्या रंगवतो म्हणून लहानपणी लाजायचा, आणि सिनेमात तेच काम! (ब्रश माझ्यासारखाच धरला होता. – मामा) माझं लक्ष मात्र सगळा वेळ गळ्याकडे. शर्ट नेहमीसारखा उघडा. सगळी मुलं वह्या उघडून बटणाची वाट बघत होती, आणि मीही.

मग तो शिडीवर चढला आणि तू दार उघडलंस. सगळ्या थिएटरात उजेड पडला, लोक तुझ्यावर खेकसले. मला वाटलं, उठावं. पिशवी हातात घेतलीही होती. पण हात काही त्याने गळ्याशी नेला नाही. मग कशी उठू? आमचं ठरलं होतं.

तो खाली उतरला. दोन पावलं मागे गेला, मान वाकडी करून पाटीकडे बघितलं. पसंत पडली नाही. पुन्हा वर चढला आणि रंगवत बसला. संपलं! त्यानंतर इतकी नावं येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळी संपेपर्यंत बसले. (तिसरं अक्षर खरंच तिरकं होतं. पुन्हा चढला ते बरोबर केलं. – मामा)

तू दिवे लावायला पळालीस, तेवढ्यात तुझे सर आले. चेहरा अगदी उतरलेला. या सिनेमात ती खूण का नाही, म्हणून मला विचारायला लागले. मी म्हटलं, यात तो मेला नाही, मग मला उठवेल कशाला? आणि मग सगळं सांगितलं, राजासकट. हातातलं पत्रक त्यांनी दुमडून खिशात घातलं. बिचाऱ्यांचा गळा उघडा होता, बाहेर गारठा, म्हणून मी म्हटलं, आधी ते वरचं बटण लावा. निमूट लावलं त्यांनी. मामा माझ्या कानात म्हणाले, आता यांचं काही खरं नाही. तुझी नोकरी काही जात नाही. पत्रक नव्याने तुझ्याकडूनच लिहून घेणार, असं सर म्हणाले. खण आवरू नकोस.

जन्मभर त्या बटणापायी मी त्याच्यावर ओरडले. परवा पहिल्यांदा वाटलं, नाही ऐकलंस ते बरं केलंस, बाळा.

शेंगदाणे तसेच पिशवीत राहिले, बसमध्ये खाल्ले. सिनेमा पुन्हा दाखवणार असतील तर कळव. खुर्ची मधल्या रांगेतली ठेव.

तुझी मामी