सात पिनांचं गोल कुलूप

भांडुप, ५ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सहदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आमसुलं दोन्ही पोचली. तुला फोनवर धड ऐकू येत नाही हे एका परीनं बरंच झालं. त्या निमित्तानं माझं अक्षर तरी शाबूत राहिलंय.

आता खरी बातमी. एकोणसत्तराव्या वर्षी मला छंद लागलाय. मी कुलपं उघडतो, किल्लीशिवाय. घाबरू नकोस, स्वतः विकत आणलेलीच उघडतो. कॉफीच्या मशीनला, दुकानातल्या काचेच्या कपाटाला छोटं गोल कुलूप असतं बघ, नळीसारख्या किल्लीचं, ते. आत गोलाकार सात पिना असतात. पेनाएवढं एक हत्यार मिळतं, त्याच्या तोंडाशी सात सुया. ते आत दाबून हलकं वळवायचं आणि कुठली पिन कुठे अडतेय ते बोटांनी ऐकायचं. पहिल्या कुलपाला मला अकरा दिवस लागले. उघडलं तेव्हा घरात कुणी नव्हतं, मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

हे वेड आपल्या प्रांजलनं लावलं. नात कसली, मास्तरीण आहे. तिचा नियम कडक: दुसऱ्याचं कुलूप नाही, वापरातलं कुलूप नाही. सध्या ती स्वतः सायकलच्या मागे आहे. सव्वीस जानेवारीला मुलुंडला तिची पहिली मोठी शर्यत.

माया आहे तशीच राहू दे, आमसुलंही.
तुझा सहदेव


आचरा, १३ जानेवारी २०२५

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद.

बाबांनी जन्मभर गिरणीत मान ताठ ठेवून काम केलं आणि तू म्हातारपणी घरफोडीचा अभ्यास कर! शेजारची मानसी म्हणते की असे छंद मुंबईत असतात. असतील. पण मी तुला ओळखते. नऊ वर्षांचा असताना तू बाबांचं घड्याळ उघडलंस. जोडताना दोन स्क्रू उरले ते विहिरीत टाकलेस आणि झाडाखाली गप्प उभा राहिलास. मार मी खाल्ला. अजून पाठ हुळहुळते.

म्हणून सांगते, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणार नाहीस असा मला शब्द दे. उत्तर आलं नाही तर दिलास असं धरून चालेन. प्रांजलला माझा आशीर्वाद सांग. उतारावर ब्रेक लावायला सांग.

तुझ्यावर रागावायचा हक्क राखून,
अक्का


भांडुप, २४ जानेवारी २०२५, दुपार

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्का, माझी वाट लागली आहे, आणि ती मीच लावून घेतली आहे.

परवा दुपारी जिन्याखाली प्रांजलची सायकल दिसली. तिला नवं कोरं गोल कुलूप, सात पिनांचं. माझी घरातली सगळी उघडून झालेली. तुझं पत्र आठवलं नाही असं नाही. म्हटलं, नुसतं बघू. वीस मिनिटांत ते जरासं फिरलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि मी हत्यार खिशात घालून वर पळालो.

गोम अशी की हे कुलूप एका फेऱ्यात उघडत नाही. थोडं फिरलं की पिना शेजारच्या भोकांत पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असं सहा-सात वेळा. मधेच सोडलं तर अडकून बसतं, मग त्याची स्वतःची किल्लीही आत जात नाही. मला हे ठाऊक होतं. घाबरून विसरलो.

संध्याकाळी प्रांजलची किल्ली जाईना. वापरातल्या कुलपाला ती स्वतः हत्यार लावत नाही, आणि मी लावीन हे तिच्या मनातही आलं नाही. तिनं सगळ्यांदेखत वॉचमन नंदकिशोरला विचारलं की दुपारी तुम्ही कुठे होतात. झालं, चोरीचा प्रयत्न म्हणून बोभाटा. कुलूप कापणारा सोमवारशिवाय येत नाही आणि शर्यत परवा. आज सात वाजता मीटिंग आहे, नंदकिशोरला काढायचं जवळजवळ ठरलंय. अकरा वर्षं आहे तो इथे. काल माझी भाजीची पिशवी तोच वर घेऊन आला आणि म्हणाला की नाना, तुम्ही तरी यांना सांगा, मी असं करीन का. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

गुपचूप जाऊन कुलूप उघडता येईल, पण त्यानं नंदकिशोर सुटत नाही. घड्याळाच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो, आता तीही सबब नाही. हे पत्र पेटीत टाकून मीटिंगला जातो. लोकांची नाही, प्रांजलची भीती वाटते. ती बोलायची थांबली तर मी काय करू?

रागाव, पण टाकू नकोस.
सहदेव


भांडुप, २७ जानेवारी २०२५

ती. अक्काआजीस,
प्रांजलचा सा. न. वि. वि.

नानांचं पत्र वाचून तू जेवण सोडशील, म्हणून हे लगोलग पाठवतेय. सगळं ठीक आहे.

मीटिंगमध्ये नाना उभे राहिले आणि म्हणाले की हे मी केलं. आजी, कुणाचा विश्वासच बसेना! सेक्रेटरी सुबोधकाका म्हणाले की नाना, तुमचं मन मोठं आहे, पण त्याला वाचवायला खोटं कशाला बोलता. नाना असे भडकले! तरातरा वर जाऊन हत्यार घेऊन आले आणि जिन्याखाली स्टुलावर बसले. टॉर्च नंदकिशोरकाकांनीच धरला. सव्वा तास लागला. दोनदा सगळं घसरलं, मधे कुणीतरी चहा आणला. शेवटी कुलूप उघडलं तेव्हा अख्ख्या बिल्डिंगनं टाळ्या वाजवल्या, सुबोधकाकांनी तर शिटी मारली. शिटी अर्धवटच राहिली. नाना खरंच बोलत होते हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

सुबोधकाकांनी तिथेच हात जोडून नंदकिशोरकाकांची माफी मागितली. मला जमलं नाही. पहिलं बोट मीच दाखवलं होतं ना. तो राग मी नानांवर काढला, त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते नुसता भात चिवडत बसले होते. सकाळी मलाच राहवेना. विचारलं की पहिला फेरा वीस मिनिटांत कसा केलात, मला तर पाऊण तास लागतो. तेव्हापासून जे बोलतायत ते अजून थांबलेले नाहीत.

शर्यतीत एकेचाळीस मुलींत नववी आले. उतारावर ब्रेक लावले, सांगून ठेवते.

पण तुला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. त्या दिवशी पहाटे पाचला मी माफीची वाक्यं पाठ करत खाली आले. बघते तर नंदकिशोरकाकांनी दोन्ही चाकांत हवा भरून ठेवलेली. मला एकही वाक्य आठवेना. त्यांनी गेट सताड उघडलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं की किल्ली आणली आहेस ना, का नानांना उठवू. आजी, मी हसत हसत रडले, आणि मग त्यांचे हात धरून सॉरी म्हणाले.

लोभ आहे तो राहू दे, चुकणाऱ्यांवर थोडा जास्त.
तुझी प्रांजल