माझ्या निबंधातली विरुद्ध बाजू

प्रिय माय,

परवा तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्याबद्दल भरभरून बोलले. धाकटा भाऊ तर बोलता बोलता रडला. आणि मी, पस्तीस वर्षं मुलांना निबंध शिकवलेली बाई, चार कोरडी वाक्यं बोलून खाली बसले! तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून हे पत्र. तुला वाचता येत नव्हतं, पण ऐकायला तू पक्की होतीस. तर ऐक.

चौऱ्याहत्तरचा हिवाळा आठवतो का? झरीच्या शाळेत माझं मॅट्रिकचं वर्ष. मला पुढे परभणीच्या कॉलेजात जायचं होतं आणि तुला माझं लग्न उरकायचं होतं. बाबांनी 'तुझी माय म्हणंल तसं' म्हणून अंग काढून घेतलं होतं. मामाने बोरीचं एक स्थळ सुचवलं होतं, ते तू माझ्या होकारासाठी लांबवत ठेवलं होतंस.

त्यातच सराव परीक्षेला निबंध आला, 'मुलींनी उच्च शिक्षण घ्यावे का?' मराठीच्या सरांचा नियम ठरलेला. आधी विरुद्ध बाजू लिहायची, तीही अशी की समोरच्याने मान डोलवावी. मग ती खोडायची. मला विरुद्ध बाजू शोधायला लांब कुठे जायचं होतं? रोज चुलीपुढे तूच तर ऐकवत होतीस! एसटीतली गर्दी, गावाची तोंडं, एकटी पोर, परक्या शहरात कोण कुणाचं. तुझे सगळे मुद्दे मी शुद्ध मराठीत उतरवून काढले.

सर खूश झाले. आठवडी बाजारात तुला गाठून म्हणाले, पोरीचा निबंध एकदा ऐका. झालं! कापूस वेचून आलेल्या चार बायका तू अंगणात बसवल्यास आणि मला वाचायला लावलंस. मी विरुद्ध बाजू वाचली. तू डोळ्याला पदर लावलास आणि बायकांना म्हणालीस, "माजं म्हननं आजवर कोनी इतकं नीट मांडलं न्हवतं."

माय, त्यानंतर पुढचं पान वाचायला माझी जीभ उचलेना. मी वही मिटली. तुला वाटलं, निबंध संपला. दुसऱ्याच दिवशी तू मामाला निरोप धाडलास, पोरीला पटलं, पाव्हण्यांना घेऊन ये. माझ्या हाताने मी माझं कॉलेज बुडवलं होतं. आठ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही, आणि तू शेजारपाजारी सांगत होतीस की पोरगी लाजायलीय!

वाचवलं पुन्हा सरांनीच. रस्त्यात तुला भेटले तेव्हा सहज बोलून गेले, तुमच्या पोरीने विरुद्ध बाजू काय झकास खोडली. तू तडक घरी आलीस. हातातलं खुरपंही खाली न ठेवता म्हणालीस, राहिलेलं वाच. मी वाचत गेले आणि एका वाक्याशी आले. 'अशिक्षित मातांचा हा निव्वळ गैरसमज आहे.' ते वाक्य मला गाळता आलं नसतं का? आलं असतं. पण मी रागात होते, मुद्दाम ठासून वाचलं.

"अशिक्षित माता म्हंजे मी का?" तू विचारलंस.

तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. पण तू जवळ बसलीस आणि म्हणालीस, "गैरसमज न्हाई बाई त्यो. भ्या हाय. रानात एकल्या बाईला काय सोसावं लागतं, ते मला ठाव हाय. ह्या भ्याला काय उत्तर लिवलंस, ते वाच."

मी पानं चाळली. उत्तर लिहिलेलंच नव्हतं. मला फार लाज वाटली, माय. आजही वाटते.

उत्तर तूच काढलंस. मामाला नको म्हणून कळवलंस, आणि कॉलेज सुरू झालं तसं महिनाभर रोज माझ्याबरोबर एसटीने परभणीला आलीस. मी वर्गात, तू फाटकाबाहेर कडुलिंबाखाली. शिपायाशी ओळख काढून तू तासांची घंटासुद्धा मोजायला लागलीस. 'आज चौथा तास का न्हाई झाला?' म्हणून मलाच जाब विचारायचीस! मैत्रिणी हसायच्या, मी फुगायचे. किती वेडी होते मी!

महिना संपला त्या संध्याकाळी गावात उतरल्यावर तू म्हणालीस, उद्यापासून एकली जात जा. मी विचारलं, भीती गेली का तुझी?

"न्हाई गेली. ती ऱ्हाऊ दे माज्यापाशी. तू जा."

माय, माझी नात, तुझी पणती, यंदा शिकायला परमुलखात जायची म्हणते. गेले पंधरा दिवस मी तिच्याशी वाद घालतेय आणि सगळे मुद्दे तुझेच मांडतेय. तुला शब्द देते, आज तिला हो म्हणेन आणि तिची बॅग मीच भरून देईन. भ्या वाटतंय, लय वाटतंय. पण गाडी हलेपर्यंत मी हसत उभी राहीन.

तुझी वाद घालणारी थोरली,
सुमन