म्हशीने जायचं तरी कुठे

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

पहिली आली पुष्पाबाई. पाचला बोलावलं होतं, ही साडेचारला हजर. वर म्हणते, घड्याळ बंद पडलंय. तिचं घड्याळ चहाच्या वेळेला बरोबर बंद पडतं. मग धनसिंग आबा आले, कापडवाले. मग त्यांचा धाकटा भाऊ प्रेमराज, भांडीवाला. दोघं एका घरात राहतात पण कुठेही जायचं तर वेगवेगळे निघतात.

बोलावलं कशाला, तर माझी नात नूतन आणि तिची मैत्रीण ऋतिका, नशिराबादची, या दोघींनी मोबाईलचा गेम बनवायला घेतलाय. दोघी जळगावला कॉम्प्युटर शिकल्या. आज टीव्हीला वायर लावून सगळ्यांना दाखवला. गेमचं नाव 'म्हैस सुटली'. आपल्या पारोळ्याचाच बाजार आहे, अगदी तस्साच. म्हैस दावं तोडून बाजारात शिरते आणि धार काढायच्या वेळेपर्यंत तिला घरी आणायची. एवढंच. पण ती काय सरळ येते होय. पुष्पाबाईच्या बांगड्यांच्या दुकानात शिरली ती शिंगात डझनभर हिरव्या बांगड्या घालून बाहेर आली. मग आबांच्या दुकानातला शालू पाठीवर घेतला आणि प्रेमराजच्या भांड्यांवर जाऊन बसली. आबांना हसून हसून ठसका लागला. पुष्पाबाईने पदर तोंडात धरला. माझा तर चष्मा खाली पडला.

पण गेम अर्धाच झालाय. पुरा करायला पैसे लागतात. ऋतिकाने समजावलं की ज्यांना गेम खेळायचाय त्यांनीच आधी थोडे थोडे घालायचे, ऑनलाइन. दोन लाख जमले तर गेम होणार. २८ फेब्रुवारीपर्यंत नाही जमले तर ज्याचे त्याला परत. म्हशीचा व्हिडिओ टाकल्या टाकल्या अनोळखी पोरांचे चाळीस हजार आले म्हणे.

माझा मुलगा योगेंद्र धुळ्याहून उशिरा आला. शेव चिवडा खाता खाता म्हणाला, २८ पर्यंत मी काही बोलत नाही, पण नाही जमलं तर नूतनने पुण्याची नोकरी धरायची. बोलावणं येऊन पडलंय.

म्हणजे नूतन घरात राहते का जाते हे आता म्हशीवर आहे.

मी तिथल्या तिथे एक हजार एक दिले.

१२ जानेवारी. सकाळ

खरं तर कल्पना माझीच. मी किती दिवस म्हणत होते की ते गोळ्या फोडायचे गेम परक्यांनी बनवलेले, अकराशेव्या लेव्हलला नेऊन पैसे मागतात, त्यापेक्षा आपणच पैसे घालून आपल्या मनासारखा गेम करून घ्यावा. नूतनने ते ऐकलं असणार.

मी स्वतः रोज अर्धाच तास खेळते. मोबाईल दुपारी बंद पडतो तो बॅटरी जुनी झाली म्हणून.

ही वही नूतननेच दिली. म्हणाली, आजी, लिही, म्हणजे तेवढा वेळ मोबाईल खाली राहील. चौथीपर्यंत शिकले पण अक्षर बघा.

ठरवलं. मुलींच्या कामात तोंड घालायचं नाही.

१२ जानेवारी. दुपार

पुष्पाबाईकडे गेले. तोंड घालायला नाही, सुई आणायला. ती गप्प गप्प. म्हटलं काय झालं. म्हणाली, काल हसले खरी, पण झोप लागली नाही. माझ्या दुकानात बांगड्या वाढतात हे जगभर दिसणार. ती बांगडी फुटली कधी म्हणत नाही, वाढली म्हणते. चाळीस वर्षं नव्या नवरीच्या हातात चुडा भरते ती, तिच्या दुकानात असं दिसणं बरं नाही. मला पटलं. म्हटलं, तू पाचशे घाल, म्हैस तुझ्या दुकानात येईल, बघेल आणि निघून जाईल. शब्द दिला.

पाचशे आले की नाही? आले. याला तोंड घालणं म्हणत नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला सतरा बायका. तिळगूळ दिला की लगेच गेमचं सांगायचं असा बेत केला होता. फार सोपं गेलं. प्रत्येकीचं एकच, पैसे घालतो पण म्हैस आमच्याकडे नको. भाजीवालीचं, म्हशीने मेथीला तोंड लावू नये. किराणावालीचं, पोती उसवू नयेत. पिठाच्या गिरणीवालीने तर अटच घातली की म्हैस गिरणीच्या बोळातच येऊ नये, तिथे तिची गाडी उभी असते. सगळ्यांना हो म्हटलं. सणाच्या दिवशी नाही कोणाला म्हणायचं.

मुलींना आत्ताच सांगत नाही. एकदम सांगेन, आनंद होईल.

१९ जानेवारी

आबा स्वतः आले. पाचशे एक घालतो म्हणाले, पण लग्नसराई जवळ आलीय, म्हशीने शालू ओढला तर गिऱ्हाईक म्हणेल आबाच्या दुकानात फाटका माल. बरोबरच आहे. शालूला हात, म्हणजे शिंग, लागणार नाही असं सांगितलं.

२० जानेवारी

प्रेमराज आला. भांड्याला पोचा आला तर कोण घेईल म्हणाला. त्याने अकराशे घातले. भावापेक्षा जास्त, हे दोनदा सांगितलं.

२३ जानेवारी

भांडण. पैसे घालणाऱ्यांची नावं गेममध्ये येणार आहेत, तशी यादी ऋतिकाने केली. ज्याचे जास्त त्याचं नाव वर. आबांनी यादी बघितली आणि विचारलं, मनं नाव कोठे शे? धाकट्याच्या खाली होतं. आबा चप्पल घालून उभे राहिले, पैसे काढून घेतो म्हणाले. नाव वर घ्यावं तर प्रेमराज म्हणतो, पैसा मी जास्त दिना आन मनं नाव खाले?

मुली नुसत्या बघत राहिल्या. शेवटी मी मध्ये पडले, पडावंच लागलं. म्हटलं, लग्नपत्रिकेत कोणी किती आहेर केला ते लिहितात का? वडीलधारे वर, मग धाकटे, मग सुना, मग नातवंडं. आणि पत्रिकेसारखी नावं सुरुवातीलाच घ्या. शेवटी कोण वाचतं, तोवर माणसं जेवायला उठतात.

दोघं भाऊ लगेच खूश. आबांनी घरची तेवीस नावं दिली. प्रेमराजने तीच तेवीस पुन्हा दिली, त्याच्या बाजूने. कैलासवासी धरून.

२५ जानेवारी, रविवार

आज मुलींना सगळं सांगितलं. आनंद झाला असं म्हणता येणार नाही.

नूतनने विचारलं, आजी, किती जणांना शब्द दिलास? म्हटलं, दोन-तीन. तिने माझी ही वही मागितली. दिली नाही. मग खरं सांगितलं, एकोणतीस. ती पलंगावर आडवी झाली.

ऋतिका शांत मुलगी आहे. म्हणाली, आजी, पैसे घालणाऱ्याला गेम मिळतो, गेम कसा असावा ते त्याने नाही ठरवायचं. मी म्हटलं, वा, पैसे देणाऱ्याचं ऐकायचं नाही मग कोणाचं ऐकायचं? ती म्हणाली, म्हशीचं.

शिकलेली मुलं कधी कधी काहीही बोलतात.

पण नूतनने माझा शब्द मोडला नाही. म्हणाली, तुला गावात तोंड दाखवता यायला हवं. लॅपटॉप घेऊन बसल्या दोघी. मी त्यांना कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या आणि ठेचा करून दिला.

१ फेब्रुवारी

एकूण पंच्याण्णव हजार. अर्ध्याला आलो. बाजारातलं पैसे न घातलेलं एकही दुकान राहिलं नाही. मी नूतनसाठी माडीवरची खोली आवरायला घेतली. टेबल खिडकीशी लावायचं, उजेड येतो. योगेंद्रला सांगितलं, पुण्याला कळवून टाक की येत नाही म्हणून. तो म्हणाला, २८ होऊ दे. बापावर गेलाय, लगेच काही मान्य करायचं नाही.

आजपासून गोळ्यांचा गेम बंद. मन मोठ्या कामात आहे.

२ फेब्रुवारी

गोळ्यांचा गेम थोडा खेळले. अचानक सोडला तर त्रास होतो असं ऐकलंय.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपासाचा दिवस म्हणून साबुदाण्याची खिचडी केली आणि सगळ्यांना नवा गेम बघायला बोलावलं. या वेळी आबा आणि प्रेमराज बरोबर आले, पत्रिकेने केवढा फरक पडला.

टीव्ही लावला. नावं सुरू झाली. सात मिनिटं नावं. मधेच पुढे जायचं बटण होतं ते मीच काढायला लावलं होतं, कोणाचा मान मधे कापला जायला नको. प्रत्येकाने आपलं नाव आलं की टाळी वाजवली आणि मग खिचडी मागितली. दोनदा चहा झाला.

मग म्हैस सुटली. पुष्पाबाईच्या दुकानाशी गेली, आत डोकावली, मागे फिरली. आबांच्या दुकानाशी गेली, मागे फिरली. भांड्यांकडे नुसती मान वळवली. मेथीकडे बघितलंही नाही. गिरणीच्या बोळात जाताच येत नाही. मग भर रस्त्यात येऊन उभी राहिली. उभीच. रवंथ करत होती. धार काढायची वेळ झाली तेव्हा आपण हाक मारली आणि ती घरी आली.

 मग आबांनी विचारलं, हाई म्हैस आजारी शे का?

मी म्हटलं, आजारी नाही, वळण लागलंय तिला. मला तरी गेम स्वच्छ वाटला. पुष्पाबाई म्हणाली, गरीब जनावर आहे बिचारं. पण नवीन व्हिडिओ ऑनलाइन टाकला त्याच्याखाली भुसावळच्या कोणा मुलाने लिहिलंय, म्हैस सुटली कुठे, ती तर बांधलेली दिसते. आणि त्याने पैसे परत घेतले.

एकाने घेतले म्हणून काय.

१८ फेब्रुवारी

परक्या पोरांपैकी अजून सोळा जणांनी घेतले. ऋतिका म्हणते, ती पोरं त्या शिंगातल्या बांगड्या बघून आली होती. असेल. किंवा नेटची रेंज नसेल.

२३ फेब्रुवारी

बासष्ट हजार. रोज वर जायला हवा तो आकडा खाली येतो. मी पुष्पाबाईला म्हटलं, बाई, एकदा म्हैस आत येऊ दे तुझ्या दुकानात, नुसती एक बांगडी. ती म्हणाली, अक्का, मी पाचशे कशासाठी दिले? आबांना म्हटलं, शालूचा नुसता पदर. ते म्हणाले, वहिनी, शब्द तुम्ही दिलाय.

दिलाय खरा.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

बाराला मुदत संपली. अठ्ठावन्न हजार. मोबाईलवर लाल अक्षरात आलं.

नूतन रागावेल म्हणून मी सकाळपासून देवघरात बसले होते. ती आली, शेजारी बसली, म्हणाली, आजी, चल जेवू. मी म्हटलं, माझं काही चुकलं का? तर म्हणाली, सगळ्यांना गेम हवा होता गं, फक्त दुसऱ्याच्या दुकानातला.

मग मीही तिला सांगून टाकलं. मला तरी म्हशीचं काय होतं. मी पैसे घातले ते तू घरी राहावीस म्हणून. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली, मी अजून पहिली संपवली नव्हती.

५ मार्च

ज्याचे त्याला पैसे परत आले. मुलींनी बाजारभर जाऊन प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये दाखवून दिले.

संध्याकाळी पुष्पाबाई आली. चहा घेतला. मग हळूच म्हणाली, अक्का, आता माझे पैसे काही त्यात नाहीत. मग वाढू दे की बांगड्या, तो पहिला गेम फार छान होता. मागोमाग आबा. शालू ओढू दे म्हणाले, पण लांब ओढू दे, बाजारभर. प्रेमराजने विचारलं, भांडी पडतानाचा आवाज अजून मोठा करता येईल का.

नूतनने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

मुलींनी रात्रीच्या जेवणाआधीच सगळी नावं काढली, सगळे शब्द काढले, आणि अर्धा गेम जसा होता तसा फुकट सोडून दिला. पाहिजे त्याने खेळा म्हणाल्या.

८ मार्च, रविवार

बाजारात सगळे खेळतात. पुष्पाबाई गिऱ्हाईकाला थांबवून दाखवते, हे बघा आमचं दुकान. भुसावळच्या त्या मुलाने पाच चांदण्या दिल्या आणि विचारलं, पुढचा भाग कधी, पैसे घालू का? ऋतिकाने त्याला काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. तोंड घालायचं नाही म्हटलं म्हणजे नाही.

मी रोज फक्त पंधरा मिनिटं खेळते. काल आबांचे एकवीस शालू झाले.

१३ मार्च, शुक्रवार

नूतन सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. ऋतिकालाही त्याच ऑफिसात घेतलंय, दोघी एका खोलीत राहणार. रविवारी रविवारी गेमचं काम करणार म्हणाल्या. नोकरी काही कायमची नाही, माझा अंदाज दोन महिने.

माडीवरची खोली आवरलेली होती तिथे सूनबाईने, पुनमने, कुरडयांची परात ठेवली. ठेवू दे. उजेड चांगला येतो.

गाडी सुटताना दोघींनी खिडकीतून सांगितलं, आखाजीला येतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९ एप्रिलला आहे, रविवारी.