काचेआडची माय

१० फेब्रुवारी, सोमवार
जळगावच्या प्रदर्शनाला चित्राचा फोटो शनिवारपर्यंत पाठवायचा आहे. चित्र मायचं, मीच काढलेलं, वॉटरकलर, काचेच्या फ्रेममध्ये. स्टुडिओवाला फारुख म्हणाला, सर, काच काढा, सावलीत धरा, पाच मिनिटांत काढून देतो. गिऱ्हाईक शोधतोय. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि हा मला उजेड शिकवणार. मायला सांगून टाकलं, तुझं चित्र जळगावला लागणार. तिने लगेच ठेवणीतली साडी काढली.

११, मंगळवार
घरात दहा फोटो. दहाही फोटोंत मायच्या कपाळावर ट्यूबलाइट. बायकोचंही तेच, काच काढा. मागचे खिळे मी स्वतः ठोकलेत. उगाच कशाला उपटू?

१२, बुधवार
फ्लॅश वापरून पाहिला. मायच्या जागी मीच दिसतो, मोबाइल धरून. पोट फारच दिसतं. उद्यापासून पहाटे गिरणेकाठी फिरायला जाणे.

१३, गुरुवार
गेलो नाही. आज अंगणात नैसर्गिक उजेड. खुर्चीवर पांढरी चादर, त्यावर फ्रेम. ऊन काचेवरून हलेना, म्हणून डोकं धरून पायरीवर बसलो. शेजारच्या शेवंताबाईंनी ते पाहिलं आणि हंबरडा फोडला. नऊपर्यंत पंचवीस माणसं. उखर्डूभाऊंनी फ्रेमला हार घातला. मी समजावत होतो, सगळे माझ्याच पाठीवरून हात फिरवत होते. तेवढ्यात माय न्हाणीतून बाहेर आली. म्हणाली, "मी जिती शे. बठ्ठा बसा, चहा ठेवस."
दूध दोनदा आणावं लागलं. माझा उजेड गेला तो गेलाच.

१५, शनिवार
एकूण एकशे बारा फोटो. काच चमकत नाही असा एकच, गुरुवारी चहाच्या गडबडीत काढलेला. लोक समोर दाटीने उभे होते, त्यांची सावली पडली असणार. फक्त हार तेवढा आलाय. फारुखचा फोन, सर, अजून वेळ आहे, घेऊन या. आता शेवटच्या दिवशी माघार कसली? हाराने चित्राला उठाव येतो. परीक्षक जाणकार असतात. पाठवला.

२४, सोमवार
उत्तर आलं. 'आपल्या मातोश्रींच्या निधनाबद्दल समितीला दुःख आहे. चित्राऐवजी श्रद्धांजलीचा फोटो आल्याने प्रवेशिका स्वीकारता येत नाही.'
म्हणजे चित्र वाईट आहे असं कोणी म्हटलेलं नाही. हे नोंदवून ठेवतो.
माय विचारत होती, जळगावची गाडी किती वाजता. साडीला इस्त्री झाली आहे. प्रदर्शन पुढे ढकललं, असं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि साडी घडी करून ठेवली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी फ्रेम पालथी घालून खिळे काढले. काच निघाली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.